दाहक आंत्ररोग आणि प्रतिकारसंस्थेची जनुके

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (सव्रण बृहदांत्रशोथ) या आतड्याच्या दोन चिवट दाहविकारांचा धोका प्रतिकारसंस्थेच्या जनुकांतील रूपभेदांनुसार कमीअधिक होतो. प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या २०१२ मधील विश्लेषणात जनुकसंचातील अशी १६३ स्थाने नोंदली गेली. पुढे त्यांत भर पडली. एकेका स्थानाचा वाटा किरकोळ असतो. जनुके सारखीच असलेल्या एकबीज जुळ्यांपैकी एकाला कोलायटिस झाला, तरी दुसरे बहुधा त्यातून सुटते.

सर्वांत अभ्यासलेले जनुक नॉड-२, १६व्या गुणसूत्रावरचे. क्रोन्सशी त्याचा संबंध २००१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला. त्याचे प्रथिन जिवाणूंच्या भित्तिकेतील म्युरामिल डायपेप्टाइड हा तुकडा ओळखून संरक्षक प्रतिसाद चालू करते. सदोष रूपभेदाची एक प्रत असल्यास धोका साधारण २ ते ४ पट होतो. दोन प्रतींचा धोका सुरुवातीच्या अभ्यासांत १५ ते ४० पट मानला गेला. नंतरचे अंदाज अधिक सावध आहेत. हे प्रथिन निकामी झाल्यास दाह कमी व्हायला हवा, मग तो वाढतो का, यावर मतभेद आहेत. उंदरांवरील एका प्रयोगात प्रथिन अतिक्रियाशील ठरले. इतरांच्या मते त्याचे काम मंदावते, लहान आतड्यातील पॅनेथ पेशींकडून जिवाणुनाशक डिफेन्सिन कमी पडते, आत शिरलेले जंतू साफ होत नाहीत आणि दाह धुमसत राहतो. मानवी पेशींतील पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो.

भारतीय रुग्णांत मात्र नॉड-२चे क्रोन्सशी जोडलेले तीन प्रसिद्ध रूपभेद क्वचितच सापडतात. त्यामुळे नाशिकच्या रुग्णाचा नॉड-२ अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून क्रोन्स नाही असे ठरत नाही. शेषांत्रातील (लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील) व्रण क्षयाचे की क्रोन्सचे, हेही त्यावरून कळत नाही. त्यासाठी बायोप्सी आणि क्षयजंतूंची तपासणीच लागते. उत्तर भारतीय कोलायटिस रुग्णांच्या पाहणीत ६व्या गुणसूत्रावरील एचएलए प्रदेश (स्वकीय-परकीय ओळखणाऱ्या प्रतिकार-प्रथिनांच्या जनुकांचा पट्टा) ठळक दिसला.

उपचारात खरा उपयोग होतो तो एनयूडीटी-१५ या जनुकाचा, जरी ते रोगाचा धोका ठरवत नाही. त्याचा सदोष रूपभेद आशियाई लोकांत, भारतीयांतही, युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो. या विकारांत दिल्या जाणाऱ्या, प्रतिकारसंस्था दडपणाऱ्या ॲझाथायोप्रिन या औषधाची नेहमीची मात्रा रोज किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १०० ते १२५ मिलिग्रॅम. एक सदोष प्रत असल्यास निम्म्याच्या आसपास सुरुवात करतात. दोन प्रती असल्यास हे औषध टाळतात, कारण काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशी घसरतात आणि केस झपाट्याने गळतात. या जनुकाच्या तपासणीसाठी नाशिकहून मुंबई-पुण्याला रक्त पाठवायचे असल्यास ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे. दुसऱ्या नळ्यांतील हेपरिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तपासणीत) अडथळा आणते. रूपभेद नसलेल्यांतही पेशी घसरू शकतात, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात, पुढे अंतर वाढवतात.