एफ-३ म्हणजे मदत: जुन्या वर्ड प्रोसेसरच्या कळा का बदलाव्या लागल्या

डॉसवरच्या (विंडोजच्या आधीची, फक्त कीबोर्डवर आज्ञा देऊन चालणारी संगणकप्रणाली) वर्डपरफेक्ट या वर्ड प्रोसेसरमध्ये मदत हवी असेल तर एफ-३ दाबायचं आणि चुकून दिलेली आज्ञा रद्द करायची तर एफ-१. एस्केप दाबलं की पुढची कळ कितीदा चालवायची ते ठरवता येई. आज हे सगळं उफराटं वाटतं. पण तेव्हा उलट-सुलट ठरवणारं कोणी नव्हतंच. एफ-१ म्हणजे मदत हा दंडक आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या नियमावलीत घातला, तोवर वर्डपरफेक्टवाल्यांची बोटं पक्की झाली होती. दहा फंक्शन कळा, प्रत्येकीचे चार अर्थ, म्हणजे चाळीस आज्ञा. त्या लक्षात राहाव्यात म्हणून कळांभोवती प्लॅस्टिकची पट्टी बसवत: लाल अक्षरं कंट्रोलची, हिरवी शिफ्टची, निळी ऑल्टची आणि काळी नुसत्या कळेची.

वर्डस्टार या त्याहून जुन्या वर्ड प्रोसेसरची अडचण निराळी. १९७८ साली तो आला तेव्हा पुष्कळ टर्मिनलांवर (संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डांवर) बाणाच्या कळाच नसत. म्हणून कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स दाबून कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली न्यायचा. कंट्रोलची कळ ए-च्या शेजारीच असल्याने करंगळी जागची हलत नसे. मग १०१ कळांचा कीबोर्ड आला, त्या जागी कॅप्स लॉक बसला आणि कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेला. कर्सर हलवायला जावं तर मोठी अक्षरं उमटत! कॅप्स लॉक आणि कंट्रोल यांची अदलाबदल करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना मागणी आली ती यामुळे.

वर्डपरफेक्टने १९८८ च्या ५.० आवृत्तीत कळा बदलण्याची सोय आतच दिली. शिफ्ट-एफ१ दाबून कीबोर्ड लेआउट, म्हणजे कोणत्या कळेने काय करायचं याची मांडणी, निवडायचा; प्रत्येक लेआउटची डब्ल्यूपीके नावाची वेगळी फाइल असे. सोबत आलेल्या तयार लेआउटांपैकी एकात मदत एफ-१ वर आणि रद्द एस्केपवर होतं. कळेला अख्खा मॅक्रोही, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांचा संचही, जोडता येई. माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट होती कंट्रोल-६: लेआउटचा कितीही घोळ घातलात तरी ती दाबली की मूळ कळा परत.

आता हेच प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवले की जुना झगडा नव्या जागी सुरू होतो. वर्डपरफेक्टमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे मर्ज आणि सॉर्ट. डॉसबॉक्समध्ये तीच जोडी दाबली की डॉसबॉक्सच बंद, न साठवलेल्या मजकुरासकट. म्हणून आधी कंट्रोल-एफ१ ने डॉसबॉक्सचा मॅपर (कळांची कामं बदलण्याचा पडदा) उघडून बंद करण्याची कळ दुसरीकडे हलवायची, मगच लिहायला बसायचं.