डाव पॅट झाला की बरोबरीत सुटला?

बुद्धिबळाच्या निकालात दोघांच्या नावापुढे अर्धा-अर्धा गुण दिसला की अनेक जण सरसकट म्हणतात, ‘डाव पॅट झाला.’ पॅट झाला म्हणजे बरोबरी, हे खरे. पण मोठ्या खेळाडूंच्या बहुतेक बरोबरीच्या डावांत पॅटचा संबंधच नसतो.

पॅट पटावर होतो. ज्याची चाल आहे त्याच्या राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल त्याच्याकडे उरलेली नाही. डाव तिथेच संपतो, कुणाला विचारावे लागत नाही. शिकाऊ मुलांच्या स्पर्धांत हे हमखास दिसते. समोर एकटा राजा कोपऱ्यात उरलेला असतो आणि जिंकत आलेले मूल आपला वजीर त्याच्यापासून नेमका घोड्याच्या अडीच घरांवर नेऊन ठेवते. हातातला पूर्ण गुण अर्ध्यावर येतो. वजिराने मात करायला शिकवताना हे घर आधी दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

संमतीची बरोबरी दोघांच्या बोलण्यातून होते. आपली चाल करायची, प्रस्ताव मांडायचा, मग घड्याळ दाबायचे. समोरचा मान्य करतो, नाहीतर पुढची चाल खेळतो. पटावर कितीही खेळ शिल्लक असला तरी चालते. 2018 मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत जगज्जेता कार्लसन आणि आव्हानवीर कारुआना यांचे 12 च्या 12 डाव बरोबरीत सुटले. बाराव्यात कार्लसनची स्थिती वरचढ होती, वेळही जास्त होता, तरी 31व्या चालीवर त्याने बरोबरी देऊ केली. पुढे कोंडी फोडण्यासाठीच्या जलद डावांत तो 3-0 जिंकला, म्हणजे हिशेब बरोबरच होता. पण तो बारावा डाव पुढे खेळला जायला हवा होता, ही हळहळ मला अजून आहे.

(एकसारखा शह देत राहून किंवा तीच स्थिती तीनदा आणून मिळणारी बरोबरी या दोन्हींहून निराळी.)

फरक सर्वांत ठळक दिसतो तो 1978 मध्ये, फिलिपिन्समधल्या बागियोत. सोव्हिएत संघ सोडून गेलेला कोर्चनॉय आणि जगज्जेता कार्पोव यांच्यात बोलणेच उरले नव्हते. पाचव्या डावात कोर्चनॉयच्या हातून हमखास मात निसटली. पुढे स्थिती अशी झाली की कुणालाच जिंकता येणार नव्हते, तरी तो खेळत राहिला आणि 124व्या चालीला त्याने कार्पोवच्या राजाला पॅट केले.