फोन हातात, भार फऱ्यावर

खुर्चीत बसा आणि मुद्दाम पोक काढा. हनुवटी पुढे, छाती आत, फोन बघताना बसतो अगदी तसं. आता एक हात कोपरात न वाकवता बाजूने वर न्या. कानाशी पोचायच्या आधीच तो कुठेतरी अडतो. हात खाली घ्या, पाठ सरळ करा आणि तोच हात पुन्हा उचला. या वेळी तो बराच वर जातो. खांदा तोच, फक्त पाठ बदलली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांमध्ये हा फरक मोजला होता. पोक काढून बसल्यावर हात बाजूने वर नेण्याचा आवाका सुमारे २४ अंशांनी घटला आणि आडव्या हाताची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी.

हे का होतं ते कळायला खांद्याच्या मागे जायला हवं. पाठीवर हात फिरवला की लागणारं तिकोनी चपटं हाड म्हणजे खांद्याचा फरा. बाकीच्या सांगाड्याशी हाडाने हाड असं त्याचं नातं एकच, पुढचं कॉलरचं हाड. बरगड्यांना तो कुठेही जोडलेला नाही. स्नायूंच्या भरवशावर त्यांच्यावरून सरकत असतो. हात १८० अंश वर जातो तेव्हा ढोबळमानाने १२० अंश खांद्याच्या सांध्याचे आणि उरलेले ६० या फऱ्याच्या फिरण्याचे. पाठ गोल झाली की फरा पुढे कलतो आणि त्याला हवं तसं फिरता येत नाही.

फऱ्याचंच एक टोक खांद्यावर छपरासारखं येतं. खाली साधारण एक सेंटिमीटरची फट, आणि तिच्यातून हात उचलणाऱ्या एका स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, जाते. ती घासते म्हणून दुखतं, असं समजून छप्पर तासण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षं सर्रास होत असे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही रुग्णांच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून, काहीही न तासता टाके घातले. २०१८ साली छापून आलेले निकाल सांगतात, की हे रुग्ण आणि खरोखर छप्पर तासलेले रुग्ण यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा सगळा दोष त्या फटीच्या माथी मारता येत नाही.

आता तो प्रसिद्ध आकडा. मान ६० अंश झुकवली की मानेवर २७ किलोचा भार येतो, हे वाक्य एव्हाना सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलं असेल. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये केलेलं ते संगणकी गणित आहे. जिवंत माणसाच्या मानेत मोजलेलं नाही. गणित चूक आहे असं नाही. पण मान, पाठ आणि खांदे भार पेलण्यासाठीच आहेत. पोक काढून बसणाऱ्या कितीतरी जणांचं काहीही दुखत नाही आणि ताठ बसणारेही खांदा चोळताना दिसतात. मला विचाराल तर वाकण्यापेक्षा वाकून तसंच बसून राहणं जास्त महागात पडतं.

उजव्या हातात फोन धरून एक लांबलचक मेसेज टाइप करा. तेवढ्यात डाव्या हाताची बोटं मान आणि खांदा यांच्यामधल्या मांसल भागावर ठेवा. काम अंगठ्याचं, तरी बोटांखालचा ट्रॅपेझियस हा स्नायू हळूच घट्ट होताना बहुतेकांना जाणवेल. ताकद फारशी लागत नाही, आणि खोड तिथेच आहे. हलक्या कामाला स्नायूतले तेच ते छोटे तंतू आधी जुंपले जातात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१ मध्ये या तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं: सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर झोपणारी. हे गृहीतकच आहे, पण तासभर रील्स बघितल्यावर खांदा का भरून येतो ते यातून छान उलगडतं.

व्यायामाला लागण्याआधी एक गोष्ट. हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, कुणी दुसऱ्याने उचलूनही वर न जाणारा हात, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. छातीत दडपण आणि घाम यांच्या जोडीने खांदा दुखत असेल तर थेट इस्पितळ.

बाकीच्यांनी भिंतीपासून सुरुवात करावी. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेका. कोपरं सरळच ठेवून छाती भिंतीकडे सैल सोडा. दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ येतील. मग कोपरं न वाकवता भिंत ढकला, फरे बरगड्यांवरून पुढे सरकेपर्यंत. हालचाल दोन-तीन बोटांची, पण फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा सेरॅटस अँटीरियर हा स्नायू यातच कामाला लागतो. दहा-बारा वेळा करा. खांदे कानांकडे चढू लागले तर थांबा, कारण मग पुन्हा तो बिचारा ट्रॅपेझियसचा वरचा भागच राबतोय. जोडीला हनुवटी न झुकवता सरळ मागे नेऊन पाच सेकंद धरायची. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणायची तीही सावकाश, झटके न देता.

खरं काम मात्र ताकदीच्या व्यायामाचं. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वरचेवर दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. लवचिक रबरी नळी ताणत दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाने रोज दोन मिनिटं केलं, दुसऱ्याने बारा. दहापैकी गुण देऊन दुखणं मोजलं तेव्हा, हा व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, बारा मिनिटवाल्यांचं १.९ गुणांनी कमी झालं आणि दोन मिनिटवाल्यांचं १.४ गुणांनी. सहापट वेळ देऊन अर्ध्या गुणाचा जास्तीचा फायदा! आळशी माणसाला एवढा सोयीचा निकाल क्वचितच हाती लागतो.

मान वाकू नये म्हणून फोन डोळ्यांसमोर अधांतरी धरायचा प्रयोग मी करून बघितला. मान सुटली, खांदा पाच मिनिटांत रग लागून खाली आला. आता मांडीवर उशी, उशीवर कोपर, आणि दर थोड्या वेळाने हात बदलून.