चार कथांचं पुस्तक आणि पाचव्या कथेचं घोंगडं

ऑस्कर वाइल्डचं ‘लॉर्ड आर्थर सॅव्हिल्स क्राइम’ आज विकत घेतलं, तर त्यात चार कथा निघतील की पाच, हे प्रकाशकावर अवलंबून असतं. जुलै १८९१ मध्ये लंडनला पुस्तक निघालं तेव्हा कथा चारच होत्या. पाचवी आली ती लेखक गेल्यानंतर.

या चारही कथा १८८७ च्या. फेब्रुवारी ते जून एवढ्या काळात त्या लंडनच्या दोन साप्ताहिकांत छापून आल्या. वाइल्ड तेव्हा तेहतिशीच्या आतला, दोन लहान मुलांचा बाप. अमेरिकेतल्या व्याख्यानांचा गाजावाजा ओसरला होता, गाजलेली नाटकं अजून लिहायची होती आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहिणं चालू होतं. ज्या उच्चभ्रू वर्गासाठी ती साप्ताहिकं निघत, त्याचीच टिंगल त्याने त्यांच्या पानांवर केली. त्या वर्षांत लंडनच्या दिवाणखान्यांत हात दाखवण्याचं वेड होतं. शीर्षककथेत मेजवानीला हस्तसामुद्रिक जाणणारा हजर असतो आणि एका सरदारपत्नीला तो पायाची कुरुपं काढणारा वाटतो. इंग्रजीत हे दोन्ही शब्द ‘कायरो’नेच सुरू होतात, म्हणून तो विनोद. मराठीत एक हाताचा, दुसरा पायाचा. हसू येईपर्यंत खुलासा संपत नाही. साप्ताहिकात या कथेचं उपशीर्षक ‘हस्तसामुद्रिकाची कथा’ अशा अर्थाचं होतं. पुस्तकात ते बदलून ‘कर्तव्याचा एक अभ्यास’ झालं. तुझ्या हातून खून होणार असं भविष्य ऐकलेला तरुण लग्नाआधी तो उरकून टाकणं हेच आपलं कर्तव्य मानतो, तेव्हा या एका बदलाने सगळ्या कथेला धार येते.

त्या खुनासाठी घड्याळात दडवलेला बाँबही मागवला जातो. १८८१ ते १८८५ या काळात आयरिश क्रांतिकारकांनी लंडनमध्ये खरोखरच डायनामाइटचे स्फोट घडवले होते. जानेवारी १८८५ मध्ये टॉवर ऑफ लंडन आणि पार्लमेंटची इमारत एकाच दिवशी हादरली. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी मूळचा आयर्लंडमधल्या डब्लिनचा असलेला वाइल्ड लिहितो की बाँब फुटला, थोडा धूर निघाला आणि घड्याळावरची स्वातंत्र्यदेवता खाली पडून तिचं नाक फुटलं. याला निव्वळ हलकंफुलकं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पुस्तक आलं त्याच वर्षी एका तरुण आयरिश कवीने आयरिश साप्ताहिकात त्याचं परीक्षण केलं. पुस्तक त्याला फारसं आवडलं नाही, पण वाइल्डचं सगळं जगणं-लिहिणं ही इंग्रजी मठ्ठपणाविरुद्धची केल्टिक, म्हणजे आयरिश वगैरे लोकांची, मोहीम आहे, असं त्याने तेव्हाच म्हणून ठेवलं.

आता पाचवी कथा. शेक्सपिअरची सुनीतं ज्या ‘मिस्टर डब्ल्यू. एच.’ला अर्पण केली आहेत तो कोण, या कोड्यावरची ही कथा जुलै १८८९ मध्ये एका स्कॉटिश मासिकात आली. म्हणजे १८९१ चं पुस्तक जुळवताना ती हाताशी होती, तरी वाइल्डने ती घेतली नाही. कारण सरळ दिसतं. तो ती वाढवत होता, जवळजवळ दुप्पट, आणि तिचं वेगळं पुस्तक व्हायचं होतं. १८९३ मध्ये प्रकाशकांनी तशी जाहिरातही केली. पुस्तक निघालं नाही. एप्रिल १८९५ मध्ये वाइल्डला अटक झाली आणि त्या गोंधळात वाढवलेलं हस्तलिखित गायब झालं.

१९०० मध्ये वाइल्ड पॅरिसमध्ये वारला. त्याच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या मित्राने १९०८ मध्ये समग्र साहित्य काढलं, तेव्हा ही कथा शीर्षककथेच्या खंडात घातली गेली. मोठा मसुदा नव्हताच, म्हणून मासिकातला जुना, आखूड मजकूर घेतला. संपादकाची अडचण समजते. कथा कुठेतरी ठेवायलाच हवी होती. पण लेखकाने स्वतः मागे टाकलेला मजकूर त्याने स्वतः बेतलेल्या पुस्तकाला चिकटला तो कायमचा. शिवाय जात वेगळी. चार कथांमध्ये थट्टा आहे, पाचवीत वाङ्मयीन तर्कट आणि आत्महत्या.

दरम्यान मूळ चारपैकी एका कथेने, ‘कँटरव्हिल’च्या भुताने, बाकीच्या तिन्ही कथांना झाकून टाकलं. १९०६ मध्ये अमेरिकेत त्याचं स्वतंत्र सचित्र पुस्तक निघालं, १९४४ मध्ये हॉलिवूडने चित्रपट केला. आपल्याकडे एका केंद्रीय शालेय मंडळाने ते काही वर्षं अकरावीच्या इंग्रजीला लावलं होतं. बऱ्याच मुलांना ते एका पुस्तकातलं एक प्रकरण आहे, याचा पत्ताही नसेल.

पाचव्या कथेचं हरवलेलं हस्तलिखित पुढे अमेरिकेत सापडलं आणि १९२१ मध्ये न्यूयॉर्कला छापलं गेलं. तरी इंटरनेटवर फुकट मिळणारी आणि सर्वाधिक फिरणारी प्रत १९१३ च्या छपाईवरून घेतलेली आहे. तिच्यात कथा पाच आहेत आणि पाचवी अजून आखूडच आहे.