थंड खाण्या-पिण्याने होणारी डोकेदुखी

बर्फाचा गोळा जोरात चोखला, आइस्क्रीमचा मोठा घास घेतला किंवा बर्फ घातलेला उसाचा रस घटाघटा प्यायला, की काही क्षणांत कपाळात किंवा कानशिलांत सणकन कळ जाते. बहुधा मिनिटभरात, फार तर काही मिनिटांत ती ओसरते. इंग्रजीतले ‘ब्रेन फ्रीज’ हे नाव आता मराठीतही रुळले आहे, पण त्यात मेंदू गोठत नाही. गार पडतो तो टाळू आणि घशाची मागची भिंत.

मग दुखते कपाळ, ते का? टाळूची आणि कपाळाची संवेदना मेंदूकडे नेणारी नस एकच आहे : ट्रायजेमिनल, म्हणजे तीन शाखांची. टाळूला एकदम गारठा बसला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लगेच फुगतात. हा संदेश त्या नसेतून जातो, पण तो नेमका कुठून आला हे मेंदूला उमगत नाही आणि वेदना कपाळात जाणवते. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, तो प्रकारही असाच. मराठीत तोंडाच्या छतालाही टाळू म्हणतात आणि डोक्याच्या माथ्यालाही. या दुखण्याच्या बाबतीत हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

हे स्पष्टीकरण सर्वमान्य असले तरी पुरे नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात १३ निरोगी व्यक्तींनी बर्फाचे पाणी नळीने थेट टाळूवर घेतले. कळ आली तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला प्रवाह वाढलेला दिसला आणि ती आकसल्यावर दुखणे शमले. म्हणजे टाळूपलीकडच्या रक्तवाहिन्याही यात सामील असाव्यात.

खाण्याच्या वेगाचा परिणाम कॅनडात तपासला गेला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १४५ विद्यार्थी होते. १०० मिलिलिटर आइस्क्रीम पाच सेकंदांच्या आत संपवणाऱ्यांपैकी २७ टक्के मुलांचे डोके दुखले. सावकाश खाणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचे. सावकाश खाऊनही काहींना त्रास झालाच, हे यातले लक्षात ठेवण्यासारखे. गोळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. साखरेचा पाक मिसळलेले पाणी शून्य अंशाच्याही खाली द्रव राहते, त्यामुळे गोळ्यातून ओढलेला रस साध्या बर्फाच्या पाण्याहून थंड असू शकतो.

अर्धशिशी असणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळतो, असे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे, सगळ्यांत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात थंड खाण्या-पिण्याच्या या डोकेदुखीला स्वतंत्र नोंद आहे. थंड पदार्थ बाजूला केल्यावर दहा मिनिटांत थांबणे, ही तिची एक खूण. त्यापुढे दुखत राहिले तर कारण दुसरे असू शकते आणि डॉक्टरांना दाखवावे. गार लागल्यावर दात शिवशिवणे ही मात्र दाताची तक्रार; तिचा याच्याशी संबंध नाही.

गोळी घेण्याची गरज नसते; गोळीचा परिणाम सुरू होण्याआधी कळ गेलेली असते. खाणे थांबवावे, जीभ टाळ्याला दाबून धरावी किंवा कोमट पाण्याचा घोट तोंडात घोळवावा, म्हणजे टाळूला ऊब मिळते. नळीने पिताना तिचे टोक टाळूकडे न ठेवता जिभेवर किंवा गालाकडे ठेवावे. लहान मुलांना हे दुखणे सांगता येत नाही. गोळा खाता खाता मूल अचानक कपाळ धरून रडू लागले, तर आधी त्याच्या हातातला गोळा घ्यावा आणि कोमट पाणी पाजावे.