बॅबिलॉनची वाटणी म्हणजे साम्राज्याची फाळणी नव्हे

‘सिकंदर गेला आणि चार सेनापतींनी राज्य वाटून घेतलं.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरणाऱ्या या वाक्यात दोन घटनांची खिचडी आहे: इ.स.पू. 323 मधली सुभ्यांची वाटणी आणि 306 पासून उभी राहिलेली स्वतंत्र राज्यं.

सिकंदराच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या, मृत्यूची हकिगत बहुतेकांना पाठ असते. जून 323, बॅबिलॉन, वयाची तेहतिशीही पुरी नाही, वारस नेमलेला नाही. ‘राज्य कुणाला?’ यावर त्याने दिलेलं ‘जो सर्वांत समर्थ त्याला’ हे उत्तर नंतरच्या लेखकांनी सांगितलेलं. त्याला मृत्युपत्र समजणं थांबवा. खरा घोळ 334 चा. आशियात उतरण्याआधी अँटिपेटर आणि पार्मेनियन या सेनापतींनी ‘आधी मूल होऊ द्या’ असं सुचवलं होतं. ऐकलं नाही. त्यामुळे मागे उरले गरोदर पत्नी रोक्साना आणि राज्य चालवण्याची कुवत नसलेला सावत्र भाऊ अऱ्हिडियस.

पायदळाने अऱ्हिडियसला तिसरा फिलिप म्हणून गादीवर बसवलं. घोडदळाला रोक्सानाच्या बाळाची वाट पाहायची होती. शेवटी भाऊ आणि बाळ (त्याचंही नाव अलेक्झांडर) दोघेही राजे ठरले, सेनापती पर्डिकस कारभारी. वाटले गेले ते फक्त सुभे: टॉलेमीला इजिप्त, लायसिमॅकसला थ्रेस, अँटिगोनसला फ्रिजिया. क्षत्रप म्हणजे सुभ्यावर नेमलेला अधिकारी, राज्य राजाचंच. चंद्रगुप्ताशी पुढे तह करणाऱ्या सेल्युकसला तर तेव्हा एकही सुभा मिळाला नाही, मिळालं ते घोडदळाचं पद. बॅबिलॉन त्याच्याकडे आलं पर्डिकसच्या खुनानंतर, ट्रिपाराडिसस इथे झालेल्या फेरवाटणीत. कॅसँडरही यादीत नाही. मॅसिडोनिया त्याच्या बापाकडे, अँटिपेटरकडे होता. म्हणजे टॉलेमी, लायसिमॅकस, सेल्युकस, कॅसँडर या प्रसिद्ध ‘चौघां’पैकी दोघे गैरहजर!

क्षत्रप की राजा, हे ओळखायचं तर दस्तऐवजावरचा काळ कुणाच्या नावाने मोजलाय ते पाहावं. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या 310 च्या विवाह करारावर आधी अलेक्झांडरपुत्र अलेक्झांडरच्या राज्याचं 7 वं वर्ष येतं, मग टॉलेमीच्या क्षत्रपपदाचं 14 वं. फौज, खजिना, नाईल सगळं मुठीत, तरी कागदावर राजा तो पोरगाच.

तिसऱ्या फिलिपला सिकंदराची आई ओलिंपियासने 317 मध्येच संपवलं होतं. सेनापतींमधल्या 311 च्या तहात कॅसँडरकडे युरोपचा कारभार आला तो ‘अलेक्झांडर वयात येईपर्यंत’. हे कलम पोराच्या जिवावर उठलं; थोड्याच काळात कॅसँडरने त्याला आणि रोक्सानाला मारवलं. तरीही राजा म्हणवून घ्यायला लगेच कोणी धजेना. 306 मध्ये डेमेट्रियसने सायप्रसच्या सॅलॅमिसपाशी टॉलेमीचं आरमार बुडवलं, तेव्हा त्याच्या बापाने, अँटिगोनसने, स्वतःला आणि मुलाला राजा म्हणवलं. मग बाकीच्यांनीही तीच री ओढली. फाळणी म्हणायची ती इथून.

‘चार’ हा आकडा हवाच असेल तर तो 301 नंतर वापरा. इप्ससच्या लढाईत ऐंशी ओलांडलेला अँटिगोनस पडला आणि कॅसँडर, लायसिमॅकस, सेल्युकस, टॉलेमी उरले. अर्थात तेव्हाही डेमेट्रियस आरमार घेऊन मोकळाच फिरत होता.