गुलमर्गचा बर्फ आणि पुण्याचा अंदाज

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' या नावाचा चौक आहे. रोज हजारो माणसे तिथून जातात, पण पुण्याच्या मध्यात सिमला कुठून आले हे थोड्याच जणांना माहीत असते. चौकाला नाव मिळाले ते तिथल्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीमुळे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून या इमारतीत आले आणि लोकांच्या तोंडी सिमला ऑफिस हे नाव बसले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, नाव मात्र पुण्यातच राहिले. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे कामही पुण्यात राहिले. जानेवारी ते मार्च या काळात उत्तर भारतात किती पाऊस-बर्फ पडेल, हे सांगणारा अंदाज आजही पुण्यातलेच शास्त्रज्ञ तयार करतात. गुलमर्गचे स्कीचे गाइड, घोडेवाले आणि हॉटेलवाले ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतात, तो हाच.

या विद्येचा जन्मच हिमालयाच्या बर्फातून झाला. फरक एवढाच की तेव्हा बर्फाचा अंदाज करत नसत, बर्फावरून पावसाचा अंदाज करत. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या दख्खनच्या पठारावर फार भयंकर होता. त्यानंतर सरकारने हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे पावसाचा अंदाज मागितला. हिमालयात हिवाळी-वासंतिक बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे ब्लॅनफर्ड यांना दिसले होते. त्या आधारावर १८८२ पासून त्यांनी चाचणी अंदाज काढले आणि १८८६ पासून नियमित अंदाज सुरू झाला. शेतकऱ्याच्या पोटाची चिंता होती, म्हणून कोणीतरी पहिल्यांदा शिखरांवरचा बर्फ मोजायला लागले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. ते मूळचे गणिती. जगभरच्या हवामान केंद्रांचे आकडे जमवून त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला हवेच्या दाबाचा झोका (एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो) सापडला, तसाच उत्तर अटलांटिकवरचाही. शोधत होते ते मान्सूनची किल्ली, पण पुढे या दोन्ही झोक्यांचा संबंध हिमालयाच्या हिवाळ्याशीही जोडला गेला. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणे, आणि वॉकर यांचा प्रशांत-हिंदी महासागरांमधला झोका ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले.

काश्मीरला बर्फ मिळतो तो पश्चिमी झंझावातांमुळे. भूमध्य समुद्राकडून उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडे सरकतात, वाटेत बाष्प गोळा करतात आणि हिमालयाला धडकले की ते रिते होतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षावर, कांद्यावर गारपीट होते, तेव्हाही बातमीत याच झंझावातांचे नाव येते. एल निनोच्या हिवाळ्यात सरासरीने हे झंझावात जोर धरतात आणि वायव्य भारतात पाऊस-बर्फ थोडा जास्त पडतो. पण ही सरासरीची गोष्ट झाली. गुलमर्गला सरासरी पुरत नाही, तिथे बर्फ वेळेवर पडावा लागतो.

वेळेचे हे भान काश्मिरी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान', मग वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द', शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा', अशी तिथल्या थंडीची वाटणी. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ गोठून टिकतो, उन्हाळ्यात नद्या-झऱ्यांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला बर्फ लवकर वितळतो. म्हणूनच पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना 'नवशीन मुबारक' म्हणतात. शीन म्हणजे बर्फ.

या बर्फावर खेळ उभा राहिला तो ब्रिटिश काळात, गुलमर्गच्या उतारांवर. आजचे रूप आले गोंडोलामुळे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेमुळे. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा, अफरवतच्या उंच खांद्यापर्यंतचा, २००५ मध्ये सुरू झाला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही २०२० पासून इथे होऊ लागल्या. बर्फ पडला नाही की आता एका खेड्याची नव्हे, हजारो लोकांची मिळकत बुडते.

२०२४ च्या जानेवारीत हे डोळ्यांदेखत घडले. प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, आणि जानेवारी ते मार्चमध्ये उत्तर भारतात सरासरीच्या १२२ टक्क्यांहून जास्त पाऊस-बर्फाची शक्यता हवामान खात्याने वर्तवली होती. प्रत्यक्षात वायव्य भारतातला तो जानेवारी १९०१ पासूनच्या सर्वांत कोरड्या जानेवारींमध्ये गणला गेला. गुलमर्गचे तपकिरी, उघडे उतार लोकांनी फोनवर पाहिले, कित्येकांनी बुकिंग रद्द केले. बर्फ आला तो जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत, म्हणजे चिल्लई कलान संपता संपता आणि संपल्यावर.

पुढच्या वर्षी उलटे. २०२५ साठी खात्याने त्याच तीन महिन्यांचा अंदाज सरासरीच्या ८६ टक्क्यांहून कमी असा दिला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुलमर्गला व्हायच्या हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. महिना सरता सरता मोठी बर्फवृष्टी झाली आणि ९ ते १२ मार्चला स्पर्धा पार पडल्या.

दोन्ही वर्षांत एक गोष्ट सारखीच होती. तीन महिन्यांच्या बेरजेचा अंदाज कोणत्या आठवड्यात बर्फ येईल हे सांगत नाही. झंझावात आठ-दहा दिवस आधी दिसू लागतो. त्यापलीकडचे उत्तर शक्यतेचेच. या दोन पल्ल्यांमधली पोकळी भरायला हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते. त्यासाठीच्या मॉडेलवर पुण्यातल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत बरेच काम झाले आहे. गुलमर्गचा हॉटेलवाला डिसेंबरमध्ये विचारतो तो प्रश्न, 'जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ असेल का?', याच टप्प्यात बसतो, आणि त्याचे पक्के उत्तर अजून कोणाच्याही हाती नाही.